शेवंती ज्या दारांत थांबायची

कामोठ्यात एके काळी एक गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नसे. मोठ्यानं बोललं तर ती आपल्याच दारावर येईल अशी धास्ती होती. गोष्ट अशी, की गोटीरामची घोडी ज्या घरापुढं थांबते त्या घरचा कर्ता पुरुष वर्ष पुरं करत नाही. बायका ती तांदूळ निवडताना सांगत, पुरुष न्हाव्याच्या बाकड्यावर. सांगणारा आधी शेवंती दावणीला आहे ना, एवढं नजरेनं बघून घ्यायचा आणि मग आवाज बसल्यासारखा बोलायचा.

शेवंती म्हणजे ती घोडी. आणि गोटीराम म्हणजे गावानं ज्याला आधी येडा म्हटलं, मग माजलेला म्हटलं आणि शेवटी यमाचा गाडीवान म्हटलं, तो.

नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मोबदला हातात पडला, तेव्हा ज्याच्या त्याच्या पोटातलं वेड बाहेर आलं. कुणी बुलेट घेतली. कुणी घरावर स्लॅब टाकून वर सिमेंटचा गरुड बसवला. नामदेवशेठनं दोन ट्रक घेऊन खाडीकाठच्या खाजणात भराव टाकायचे ठेके धरले. गोटीरामनं एकोणऐंशी साली घोडी घेतली. पनवेलच्या स्टँडावर रिक्षा येऊन टांग्यांचे दिवस भरत आले होते. पोपट टांगेवाल्यानं टांगा भंगारात काढला आणि घोडी गोटीरामच्या हवाली केली.

गोटीराम तेव्हा अडतीस वर्षांचा, ठेंगणा, पोट सुटलेला, पाण्याच्या टाकीवर दुपारपाळीला व्हॉल्व्ह फिरवणारा. तोवर म्हशीखेरीज दुसऱ्या कशाच्या पाठीवर बसलेला नव्हता. घोड्यावर बसायला त्याला कुणी शिकवलं नाही, पडून पडून तो शिकला. चोरबाजारातून त्यानं खोगीर आणलं, त्याच्या दोन रिकिबी दोन मापांच्या निघाल्या. एक पाय साहेबासारखा आखडलेला आणि दुसरा शिपायासारखा लोंबता, असा तो बसायचा. गावच्या शिंप्याकडून त्यानं फोटो दाखवून घोडेस्वाराची ब्रीचेस विजार शिवून घेतली. शिंप्यानं घोडेस्वार कधी पाहिला नव्हता. त्यानं गोटीरामच्या मांड्यांना दोन भोपळे लावून दिले.

पण माणूस सुखी होता, आणि तेच गावाला खुपत होतं. पहाटे उठून खरारा करावा, चंदी द्यावी, खारबांधावरून खांदेश्वरच्या तळ्यापर्यंत दुडक्या चालीनं जावं, तिथं शेवंतीला पाणी दाखवावं, ती पीत असताना तिच्या मानेवर हात टाकून काहीबाही बोलावं आणि उन्हं तापायच्या आत परतावं. जमीन गेल्यापासून गावातला प्रत्येक जण आपलं काहीतरी चुकलं अशा चेहऱ्यानं हिंडत होता. त्यात हा एकटाच बांधावरून शीळ घालत यायचा.

खोड होती ती परतताना. पनवेलच्या अंगानं गावात शिरलं आणि मागच्या गल्लीला लागलं, की शेवंती मधेच उभी राहायची. टाच मारा, चुचकारा, गूळ दाखवा, ढिम्म. एक विडी ओढून होईल एवढा वेळ उभी राहायची आणि मग आपण होऊन चालू लागायची. पुढच्या एखाद्या दारापाशी पुन्हा तेच.

पहिल्यांदा थांबली ती दुर्गाबाईच्या दारात. दुर्गाबाई केरसुणी घेऊनच बाहेर आली.

"काय रं गोटीराम, माझ्या दारात मुतवाया आनलीस काय घोडी?"

"काकी, ती तिच्या मनानं थांबली."

"मन तिचं हाय, दार माझं हाय. हाल इथून."

पाच महिन्यांनी दुर्गाबाईचा नवरा गेला. कावीळ, असं तिनं सांगितलं. मग कोपऱ्यावरचा कान्हा गेला, पोट फुगून. मग मालतीबाईचा नवरा रक्ताच्या उलट्या होऊन गेला. त्याला अल्सर म्हणाले. चौदा महिन्यांत तीन पुरुष गेले, आणि तिन्ही दारांत शेवंती थांबलेली. गावाला हिशेब करायला वेळ लागला नाही.

"टांग्याची घोडी हाय, तिला थांबायची सवय हाय," गोटीराम न्हाव्याच्या दुकानात म्हणाला.

"टांगा नाक्यावर थांबायचा," कुणीतरी आरशातूनच उत्तर दिलं. "उतारू नाक्यावर उतरायचे आनि टांगा तिथनंच परत. गल्लीत कधी येत व्हता?"

टांगा चालू होता तेव्हा संध्याकाळी गोटीराम शेतावर असायचा, गल्लीत काय येत होतं नि काय जात होतं, त्याला ठाऊक नव्हतं. बाकावरचे दोन म्हातारे मात्र छताच्या पंख्याकडं बघू लागले होते.

मग दारं बंद व्हायला लागली. टापांचा आवाज आला की गल्लीभर कड्या लागत. दारांवर लिंबू-मिरच्या आल्या, मग उलट्या चपला आल्या. एकीनं मिरचीचं पाणी फेकलं, ते शेवंतीच्या डोळ्यात गेलं नाही, गोटीरामच्या गेलं. पेंढावाल्यानं पेंढा नाही म्हणून सांगितलं, आणि सांगताना तो स्वतः पेंढ्याच्या गंजीला टेकून उभा होता.

सर्वांत वाईट झालं यशोदाबाईचं. गोटीरामची ही बायको धवलारीन, म्हणजे लग्नात धवले म्हणून विधी लावणारी. तिनं धवला म्हटल्याशिवाय कामोठ्यात कुणाच्या अंगाला हळद लागत नसे. त्या वर्षी नऊ हळदी झाल्या, एकीलाही बोलावणं आलं नाही. परगावची धवलारीन आणली.

"बेसूर गाते ती," गोटीराम समजूत घालायला म्हणाला.

"बेसूर गाते. पन गाते," यशोदाबाई म्हणाली. "आनि तुमची ती लाडकी. सगल्या गावाच्या दारात हुबी राते. आपल्या दारात एक दिवस थांबली नाय. तुमाला उडी मारून उतरावं लागतं."

हे मात्र खरं होतं. स्वतःच्या घरावरून शेवंती सरळ पुढं जायची. घरधनी लगाम ओढत, भोपळे फडफडवत उतरायचा. गावाला त्याचाही अर्थ लागला होता: यम आपल्याच गाडीवानाच्या दारात कशाला थांबेल?

एक्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर, एरवी अर्ध्या गल्लीतून वळणारा गोटीराम एका सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि शेवंती नामदेवशेठच्या दारात थांबली.

नामदेवशेठ गावकीचा पुढारी. पांढरा लेंगा-सदरा, गळ्यात माळ, दारूबंदी मंडळाचा संस्थापक. दर रामनवमीला त्याचं व्यसनावर भाषण व्हायचं आणि ऐकताना बायकांच्या डोळ्याला पदर लागायचा. तो ओट्यावर पेपर वाचत होता. घोडीला पाहून त्यानं पेपर खाली ठेवला, आत गेला आणि दार लावून घेतलं. शेवंती उभीच. इतर दारांत एक विडी, इथं पुऱ्या दोन.

दुसऱ्या दिवशी गल्लीत खिळे पेरलेले होते. एक शेवंतीच्या मागच्या खुरात शिरला. गोटीरामनं पक्कड धरून तो उपसला, तेव्हा ती कण्हली, तोही कण्हला आणि गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. महिनाभर तो मिठाच्या पाण्यानं खूर शेकत बसला. जखम भरली, पण पाय थोडा लंगडा राहिला.

ती बरी होते आहे असं दिसल्यावर नामदेवशेठ पाच माणसं घेऊन दारात आला.

"शिमग्याच्या आत घोडी गावाबाहेर गेली पायजे."

"कुठं नेऊ?"

"कुठं पन ने. नायतर आमी खाडीत नेऊ, भरतीच्या टायमाला."

"आनि नाय नेली तर?"

"तर गाव तुजं तोंड बघनार नाय. पानी नाय, इस्तव नाय, खांदा नाय."

"खांदा मना आताच नको हाय, शेठ."

"घोडी तुज्या दारात थांबली म्हंजे लागंल."

"ती माज्या दारात थांबत नाय."

"तेच तर म्हनतो मी," नामदेवशेठ म्हणाला, आणि मागचे पाचही जण हसले.

गोटीराम पनवेलला गेला. शिमगा होईस्तोवर घोडी कुणाकडं तरी ठेवायची, एवढाच त्याचा विचार होता. पोपट आता स्टँडामागं सायकलींचे पंक्चर काढत होता.

"महिनाभर ठेव तिला," गोटीराम म्हणाला.

"जागा असती तर विकली कशाला असती?" पोपट ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाला. "का, चावायला लागली काय?"

गोटीरामनं सगळं सांगितलं. दारं, मयतं, खिळे, भरती. पोपट ऐकत राहिला. मग त्यानं ट्यूब खाली ठेवली.

"थांबते कुठं कुठं?"

"दुर्गाकाकीकडं. मग कान्हाकडं—"

"मग मालतीबाई," पोपट म्हणाला. "मग चिंचेखालचं घर, त्याच्या पुढची दोन. मग शेवटाला नामदेवशेठ. तिथं जास्त."

"तुला कसं ठाव?"

पोपटला हसू आलं, हसताना खोकला आला आणि खोकला थांबल्यावर त्यानं आजूबाजूला पाहून सांगितलं. फार नव्हतंच सांगायला. त्यानं काय सांगितलं ते मात्र आत्ताच नको. गोटीरामनं ते बायको सोडून कुणाला सांगितलं नाही, आपणही चार ओळी दम धरू.

"सगल्यांसमोर सांगा," यशोदाबाई म्हणाली. "गावकीत, नाव घेऊन. नऊ हळदींची भरपाई होऊ दे माझी."

"दुर्गाकाकी तिथं बसलेली असंल."

"खिले टाकले तवा ती कुठं बसली व्हती?"

गोटीराम रात्रभर मनात वाक्यं जुळवत राहिला. पहिलं कुणाचं नाव घ्यायचं, तेही ठरवलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी देवळापुढं गावकी भरली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. मंडळाचं वहीखातं बघणारा नामदेवशेठचा पुतण्या नंदकुमार कागद घेऊन बसला होता.

"बोल. घोडी काढलीस का?" नामदेवशेठनं विचारलं.

गोटीराम उभा राहिला. समोर दुर्गाबाई त्याच्याकडं रोखून बघत होती. मालतीबाईनं मान खाली घातली होती. गावात सगळ्यात मोठ्यानं शिव्या देणाऱ्या याच दोघी, आणि आज दोघींचे ओठ मिटलेले. रात्री जुळवलेली वाक्यं गोटीरामच्या तोंडातच राहिली.

"पनवेलला गेलतो," तो म्हणाला. "पोपट टांगेवाला भेटला."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी पाय आखडून घेतला.

"त्यानं तुमाला रामराम सांगितलाय, शेठ. इचारत व्हता, गल्यात माल घातल्यापास्नं तब्येत कशी हाय. म्हनाला, गल्लीतली सगली दारं मना अजून पाठ हाईत."

नामदेवशेठचा हात माळेवर गेला आणि तिथंच राहिला.

"अजून काय म्हणाला?" नंदकुमारनं विचारलं. बिचाऱ्याला खरंच काही माहीत नव्हतं, तो पेन उघडून बसला होता.

"अजून लय म्हनाला. सांगू काय?"

मग दुर्गाबाई उठली.

"कोनाला ऐकायचंय?" ती म्हणाली. "जायाचे ते गेले. घोडी मुकी हाय, मुकीच राऊ द्या."

"विषय संपला," नामदेवशेठ म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "घोडीनं गल्लीतनं जायाचं नाय, बांधावरनं जायाचं. आता लाउडस्पीकरचं बोला."

घोडी राहिली. पण राहिली ती घोडीच, बाकी काही परत आलं नाही. यशोदाबाईला पुढची चार वर्षं हळदीला कुणी बोलावलं नाही, आणि पाचव्या वर्षी बोलावलं तेव्हा ती गेली नाही. नवऱ्याला मात्र ती आयुष्यभर ऐकवत राहिली की भर गावकीत यांची जीभ घोडीपेक्षा मुकी निघाली. गोटीराम बांधावरून जायचा, बांधावरून यायचा. शीळ मात्र आता गावाच्या हद्दीबाहेर गेल्यावरच घालायचा.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी नामदेवशेठ गेला. पोटात पाणी झालं होतं. मंडळानं काळ्या रिबिनीचा फोटो लावला, नंदकुमारनं भाषण केलं. तिरडी उचलताना गोटीराम खांदा द्यायला पुढं झाला, तर चौघांनी त्याला कोपरानं मागं ढकललं. परतताना लोक हातावर बोटं मोजत होते. शेवंतीनं दार दाखवल्याला अजून वर्ष नव्हतं झालं.

मग गोटीरामही बिघडला. माणसाला गाव बिघडवतं, तसा. कुणी पेंढा नाही म्हटलं, कुणी नळावर रांगेत मागं लोटलं, की तो मान हलवून घरी जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरूनच त्या घराच्या अंगाला घोडीचं तोंड फिरवून नुसता उभा राहायचा. पेंढा दुपारच्या आत पोचायचा, वर एक भारा जास्त. एका शब्दानं त्याला ही वदंता मोडता आली असती. त्यानं ती मोडली नाही. घोडीला दाणावैरण त्या वदंतेवरच मिळत होती.

शेवंती अठ्ठ्याऐंशी साली म्हातारपणानं मेली. खांदेश्वरच्या वाटेवर बांधालगत एकट्या गोटीरामनं खड्डा खणला. कुणी मदतीला आलं नाही, त्यानंही कुणाला हाक मारली नाही. गावात त्या संध्याकाळी पेढे वाटले असं म्हणतात. ते अगदीच खोटं नाही.

आता खरं काय ते. पोपटचा टांगा उतारूंना नाक्यावर उतरवून परत जात नसे. पनवेलच्या खाडीकडच्या हातभट्टीची दारू रबरी ट्यूबांत भरून, सीटखालच्या गवतात लपवून, दिवेलागणीला तो मागच्या गल्लीत आणायचा. सात घरांना रोजची एक ट्यूब होती, नामदेवशेठकडं दोन. ट्यूब आत जाईपर्यंत घोडी दारात उभी राहायची. टांगा मोडला, तिची सवय राहिली. त्या सातही घरांना हे पहिल्यापासून माहीत होतं, आणि बिंग फुटू नये म्हणून घोडी अशुभ आहे ही बोलणी त्याच घरांतून निघाली. त्या सात घरांतले पाच पुरुष, पुढं गेलेला चिंचेखालचा धरून, दारूनं मेले. घोडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.