रुंद पिसं

नाशिक रोडला आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गच्चीवर कबुतरांची ढाबळ केली होती, आणि त्याची शिक्षा तळमजल्यावर मी भोगत होतो. गिरेबाज कबुतरं, उडता उडता हवेत कोलांट्या खाणारी. मी दाढीला बसलो की हे काखेत एक कबुतर घेऊन दारात हजर! हातातले पत्ते पसरावेत तसा त्याचा पंख माझ्या नाकासमोर पसरायचे.

"भाऊसाहेब, हात लावून बघा. रुंद पिसं हवा धरतात, म्हणून कोलांटी बसते. निमुळत्या पिसांचं नुसतंच उडत राहतं."

रुंद पिसांचं कबुतर सरळ उडालं तर म्हणायचे, "पिसं झडतायत त्याची." निमुळत्या पिसांच्यानं कोलांटी खाल्ली तर, "ती चुकून झाली." डोकं उठायचं माझं. कबुतरं अँटेनावर बसून टीव्हीचं चित्र हलवायची, कपड्यांवर घाण करायची, ते वेगळंच.

एका रविवारी त्यांचं सगळ्यात लाडकं कबुतर कोलांट्या खात खाली आलं आणि थांबलंच नाही. आमच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली, फरशीवर आदळून मेलं. हे धावत खाली आले. मी तयारच होतो.

"काय हो, आज काय झालं पिसांना?"

त्यांनी उकिडवं बसून पंख उघडला. एकेक पीस बोटांनी सरळ करून पाहिलं.

"पिसं एकदम बरोबर होती हो."

मग विचारणं नाही, सांगणं नाही, माझी नुकती धुतलेली चादर दोरीवरून ओढली, कबुतर तिच्यात गुंडाळलं आणि जिना चढून गेले. चिमट्यांसकट.