मार्कंड्याच्या वाटेवर

२०२३ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावतलावात मासे मारण्यातच जन्म गेला. शाळा दुसरीत सुटली. महादेवाशिवाय कोणापुढे मान वाकवली नाही. त्या साली मात्र महादेव आपलं ऐकतो की नाही, असं वाटू लागलं होतं.

सून शीतल बाळंत झाली, मुलगी झाली. आधीचं लेकरू पोटातच गेलं होतं, म्हणून मी गावभर गूळ वाटला. पण तिचं तोंड काही उजळेना. लेकरू रडे आणि ही भिंतीकडे पाहत बसे. ताट तसंच पडलेलं. तिची माय लहानपणीच वारलेली, माझी बायको आदल्या साली गेली, मुलगा गडचांदूरला सिमेंटच्या कामावर. आमच्यात सासरा सुनेशी समोरून बोलत नाही. काही सांगायचं तर घरच्या बाईमार्फत. आता घरात बाईच नव्हती. मी दाराबाहेर खाकरायचो, शेजारणीनं दिलेला भात उंबऱ्याजवळ ठेवायचो आणि जाळं घेऊन निघून जायचो. शेजारीण म्हणाली, "भाऊ, बाहेरचं लागलं तिले." मलाही तेच वाटलं. नवस बोललो की सून बरी होऊ दे, लेकराला मार्कंड्याच्या तुझ्या देवळात आणून पायावर घालतो. सून बरी होईना, म्हणून दोघींना घेऊन आधीच निघालो.

गडचिरोलीच्या जीपमध्ये मी पुढं बसलो, शीतल मागं. तिच्या शेजारी पन्नाशीची एक अनोळखी बाई, लेकीकडं निघालेली. लेकरू रडू लागलं तसे सगळे त्यालाच उगी करू लागले. ती बाई मात्र शीतलला म्हणाली, "झोप येते का तुले?" मग हळूहळू एकेक विचारत गेली, माय आहे का, आधीचं लेकरू काय झालं, नवरा कुठी असते, घरी कोण बोलते तुह्यासंग.

"कोणीच नाई," शीतलचा आवाज आला. "मी मेली तं पोरीचं बरं होईन असं वाटते."



बाईनं लेकरू आपल्या मांडीवर घेतलं. "ओ भाऊ, कुठी नेऊन राह्यले हिले?"

"मार्कंड्याले. बाहेरचं आहे."

"बाहेरचं नाई, आजार आहे. मले दुसऱ्या पोराच्या वक्ती हेच झालतं. आधीचं लेकरू गेलेलं, माय नाई, नवरा दूर, झोप नाई, बोलाले माणूस नाई, अशा बाळंतिणीले हा लवकर धरते. औषध घेतलं, माणसात बसली, बरी झाली मी. दवाखान्यात न्या."

"नवस आहे माहा. आमच्या घरचं आम्ही पाहू."

"तुमचा महादेव का पळून जाते, भाऊ? मी तं देव मानत नाई, पण एवढं मले बी समजते."

जीपमधली माणसं हसली. मला राग आला. उलट बोलायला मागं वळलो आणि शीतलकडं नजर गेली. ती बाईच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. इतक्या दिवसांत ती रडलेली मी पाहिली नव्हती.

गडचिरोलीला उतरलो तेव्हा मार्कंड्याला जायची, चामोर्शीकडची गाडी समोरच भरत होती. मी तिकडं तोंड करून हात जोडले आणि सरकारी दवाखान्याची वाट विचारली. बाई लेकीकडं जायची सोडून आमच्यासंग आली. डॉक्टरीणबाईनंही आजारच सांगितला, औषध दिलं, तिला एकटी ठेवू नका म्हणाली. मुलाला फोन केला, तो निघतो म्हणाला. बाईचं नाव विचारीन म्हटलं, तर ती "जय भीम, भाऊ" म्हणून फाटकाबाहेर पडलीही होती.

मी महादेवाला मागितलं आणि त्याला हात न जोडणारी बाई धावून आली. कोणी पाठवली, यावर मी वाद घालत नाही. मी त्याला शरण आहे असं जन्मभर म्हणत आलो, पण त्यानं कोणत्या वाटेनं यावं ते मीच ठरवत होतो. त्या दिवशी तो हट्ट सुटला.

रात्री घरी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर गेलो नाही. खोलीच्या दारात उभा राहिलो आणि पहिल्यांदा तिच्याशी समोरून बोललो, "शीतल, पोरगी माह्याजवळ दे अन् तू पडून राह्य." तिनं पदर सावरला आणि लेकरू माझ्या हातात दिलं.