मोशीच्या पुलाखालचा नारळ

आई कोकणातली. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. पण भोसरीत समुद्र कुठून आणणार? बाबा वर्कशॉपमधून सुटले की आम्ही शेअर रिक्षानं मोशीला जायचो. पुलाखाली उतरून आई इंद्रायणीत नारळ सोडायची. “जा माझ्या आयेकडं,” म्हणायची. परतताना गरम भजी मिळायची. त्या संध्याकाळी मला अजून हव्याशा वाटतात.

घरी पोचलो की रत्नागिरीहून आजीचा फोन. “मिळाला गो तुझा नारळ!” आई हरखून जायची.

सातवीत भूगोलानं घोळ घातला. इंद्रायणी लोणावळ्याजवळ, घाटाच्या अगदी कडेला जन्मते. खाली कोकण दिसत असतं. पण ही बया त्याच्याकडं पाठ फिरवते, भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि अख्खं दख्खन ओलांडून पाणी थेट पूर्वेच्या समुद्रात. आपली पवनाही तसलीच, वळसे घेत शेवटी त्याच भीमेत जाते. मी ऐटीत आईपुढं नकाशा धरला.

आई खोबरं खवत होती. “मला काय कळत नाय? घाटात गाडी खाली उतरते नि नदी मागं पळते. दरवेळी बघते मी. तुझ्या आजीलाही ठाऊक आहे.”

“मग?”

“मग काय? ती म्हणते मिळाला, मी म्हणते बरं झालं. तुझं काय जातंय?”

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. आई रडली नाही. तेराव्याला आलेल्यांना आग्रह करकरून वाढत राहिली. मला तिची भीतीच वाटायला लागली होती. त्या पौर्णिमेला नदीवर पांढरा फेस दाटला होता, पोरं त्याचे रील काढत होती. आईनं त्यातच नारळ सोडला. घरी आल्यावर ती बराच वेळ फोनजवळ बसून राहिली. जेवताना म्हणाली, “तुझा तो पूर्वेचा समुद्र मला दाखव.”

“अगं, नारळ उजनीच्या धरणापर्यंतसुद्धा पोचत नसेल,” मी म्हटलं. पण ती हट्टालाच पेटली. दिवाळीत रजा टाकून तिला कृष्णेच्या मुखाशी घेऊन गेलो.

सकाळी पोचलो. आपल्याकडं सूर्य समुद्रात बुडतो, इथं तो पाण्यातून वर येत होता. आई चपला काढून घोटाभर पाण्यात गेली. डावीकडं, उजवीकडं लांबवर पाहत राहिली. मग ओल्या वाळूत तशीच बसली.

“इथं तर कोणीच नाय गो आये,” म्हणाली आणि हमसून हमसून रडली.