मिशीचा अकरावा खंड

नागपूरची धम्मदीपा वासनिक बाडहूव्हडॉर्प या डच गावात एका खोलीत राहायची आणि सायकलने जवळच्या शहरातल्या एका संग्रहालयात मुंग्या ओळखायला जायची. कॅमेरूनच्या जंगलात पालापाचोळ्यात सापडलेल्या, खसखशीच्या दाण्याएवढ्या एका मुंगीवर तिची तीन वर्षं गेली होती. ही जात नवी, असं तिचं म्हणणं. आधार एकच होता. हिच्यासारख्याच दिसणाऱ्या एका जातीची ऐंशी वर्षांपूर्वी नोंद झाली होती, पण त्या नोंदीत मिशीला, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकेला, दहा खंड लिहिले होते. हिच्या मिशीला अकरा होते. तिचा यावरचा लेख एका नियतकालिकाने स्वीकारला होता. त्याच्या जोरावर संग्रहालयातल्या नोकरीचा करार वाढणार होता. नाही वाढला, तर तीन महिन्यांत देश सोडावा लागणार होता.

मार्चमध्ये त्या जुन्या जातीचा मूळ नमुना, ज्यावरून ती नोंद झाली होती तो, दुसऱ्या देशातल्या संग्रहालयातून आला. तिनेच तीनदा पत्रं लिहून तो मागवला होता. मायक्रोस्कोपखाली मिशीच्या बुडाशी जुन्या डिंकाचा पिवळा ठिपका दिसला. कोमट पाणी आणि बारीक कुंचला घेऊन दोन दिवस ती तो सोडवत बसली. डिंकाखाली एक खंड दबला होता. अकरा. म्हणजे दोन्ही मुंग्या एकाच जातीच्या.

तिने पुन्हा मोजले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मोजत राहिली. नमुन्याची डबी दुसऱ्या कुणी उघडली नव्हती. झाकण लावून परत पाठवली असती, तर कुणाला कळलंही नसतं. चार दिवस ती रोज सकाळी डबी उघडायची, आज तरी दहा भरतील म्हणून.

पाचव्या दिवशी तिने आपल्या वरिष्ठ मारायकेला बोलावून नमुना दाखवला. मारायकेने स्वतः खंड मोजले. मग म्हणाली, तुझं बरोबर आहे, पण कराराचं माझ्या हातात काही नाही.

त्या संध्याकाळी धम्मदीपाने आईला फोन केला.

"आई, ती मुंगी नवी नाही निघाली."

"म्हणजे तुझी चूक झाली?"

"नाही. जुन्या नोंदीत झाली होती. मी ती शोधली."

"मग रडतेस कशाला, दीपा?"



लेख तिने मागे घेतला. जुन्या नोंदीतली चूक दुरुस्त करणारं दोन पानी टिपण लिहिलं. मास्ट्रिख्टसारख्या तिथल्या शहरांत सगळीकडे नोकरीसाठी अर्ज केले. बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. करार वाढला नाही आणि जूनअखेर ती नागपूरला परतली. टिपण ऑगस्टमध्ये छापून आलं. मारायकेने पाठवलेली त्याची लिंक तिने अजून उघडलेली नाही.