रेड अलर्ट आणि तळमजल्याचा गणपती

पावसाळ्यात आधी मोबाइलवर हवामानाचा अंदाज यायचा आणि मागोमाग तळमजल्यावरच्या काकांचं सामान माझ्या घरात यायचं. आमची भाईंदरची ही जुनी बिल्डिंग, मागे नाला, नाल्यामागे खाडी. मी पहिल्या मजल्यावर, काका बरोबर माझ्या खाली. काकू गेल्यापासून एकटेच. रोज सकाळी खिडकीतून मान वर करून विचारणार, "काय गं, आज रंग कोणता?" यलो असला की गाद्या आणि तांदळाचा डबा वर. ऑरेंजला टीव्ही आणि मिक्सर. रेडला काका स्वतः, काखेत उशी मारून.

आणि रेडच्या दिवशी हमखास लख्ख ऊन! दोन मिक्सरच्या मधे उभी राहून मी चडफडायची. घर आहे की गोडाऊन? आमचे हे म्हणायचे, "अगं, ओल्यापेक्षा कोरडं बरं." यांचं काय जातंय, आवरायला मी.

ते मेलं ऊन नेमकं गणपतीत पडलं नाही. काकांकडे गणपती बसलेला, दुसऱ्याच दिवशी रेड. त्यात दुपारची भरती. जेवणं होईपर्यंत पाणी गेटातून आत आलं आणि काकांच्या उंबऱ्याला लागलं. मी साडी खोचून खाली धावले.

"काका, चला वर!"

"नाही येणार. बाप्पा बसलाय. प्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवत नाहीत, माहीत नाही तुला? आणि त्याला सोडून मी यायचा नाही. हिनं जाताना एवढंच मागितलंय माझ्याकडे, गणपतीत त्याला एकटं ठेवू नका."

झालं! एरवी यलो अलर्टला घाबरणारा माणूस घोटाभर पाण्यात पाटावर मांडी घालून बसला. वयाची सत्तरी उलटलेली, वर बीपीच्या गोळ्या. मी गुरुजींना फोन लावला. ते काशीमीऱ्याला ट्रकच्या रांगेत अडकलेले.

"हलवायची नाही म्हणजे नाही," गुरुजी म्हणाले.

माझं टाळकंच सरकलं. "मग उचलू का? उचलणं म्हणजे हलवणं होतं का हो?"

पलीकडे नुसते हॉर्न. मग गुरुजी म्हणाले, "सरळ वर उचलण्याबद्दल... स्पष्ट असं काही लिहिलेलं नाही."

बस! सोसायटीच्या दुरुस्तीच्या विटा मागे पडल्याच होत्या. बिल्डिंगमधल्या चौघांनी बाप्पाचं टेबल उचलायचं, मी पायांखाली विटा सरकवायच्या. पाणी बोटभर चढलं की वीट चढली. दोन नंबरच्या फ्लॅटमधले गुजराती शेठ "धीरे धीरे" म्हणत नारळ सांभाळत होते. शेवटी बाप्पाचा मुकुट पंख्याच्या पात्याला टेकायला आला आणि काका स्टुलावर चढून फुलं वाहू लागले. स्टूल डुगडुगतंय, खाली गुडघाभर पाणी. मी डोळेच मिटून घेतले.

आमचे हे वर बघत म्हणाले, "अजून चार विटा लावल्या तर बाप्पा आपल्याच हॉलमध्ये निघेल."

ते चेष्टेत बोलले, पण काकांचा चेहरा उजळला. सरळ वर म्हणजे हलवणं नाही ना? मग मधे स्लॅब आला तर आला, जागा तीच! आम्ही म्हटलं, जिना तर वळणाचा आहे. काका म्हणाले, "वाट वाकडी चालेल, मुक्काम एका रेषेत हवा." टेप घेतली, भिंतीपासून अंतर मोजलं आणि ओल्या पायांनी वर येऊन माझ्या हॉलमध्ये मोजायला लागले. टेप जिथे थांबली, तिथे आमचं चपलांचं कपाट.

"हातभर अलीकडे घेतला तर?" मी विचारलं.

"मग हलवला ना तो!"

कपाट जिन्यात गेलं. जागा धुतली, गोमूत्र शिंपडलं, आणि बाप्पा वाजत गाजत वर आले. मागून काका आले, काखेत उशी. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. रात्री खाली त्यांचा सोफा तरंगत होता आणि वर काका बेसूर आरती म्हणत होते. मी कधी नव्हे ती त्यांच्यापेक्षा मोठ्यानं म्हटली.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पिशवी भरून दारात उभे. खाली भिंतींना कमरेपर्यंत ओल, चिखलाचा वास, सोफ्याचा लगदा.

"आज रंग कोणता?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण मोबाइल त्यांनाही दिसत होता. "हिरवा," मी म्हटलं.

"मग निघतो. खूप त्रास दिला तुला."

इतका राग आला मला, त्यांचा की त्या हिरव्या रंगाचा, कोण जाणे. पिशवी हिसकावून घेतली. "गपचूप बसा खाली! एकदा बसवलेल्याला विसर्जनापर्यंत हलवत नाहीत, तुम्हीच सांगितलंत ना?"

"शुभ बोल गं!" काका ओरडले. मग नाक ओढलं, हॉलमध्ये आले, आणि बाप्पा बसला होता त्या जागी आपली उशी ठेवली.

चपलांचं कपाट अजून जिन्यातच आहे.