सिस्टरचं नाक

“हात द्या.” वॉर्डच्या दारात आमच्या सिस्टर एवढंच म्हणायच्या. आपण तळवा पुढे करायचा, त्या वाकून वास घ्यायच्या. सॅनिटायझरचा वास आला तर आत, नाहीतर आल्या वाटेने बेसिनकडे.

मास्क लावून वास कसा येतो, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, “मास्क जंतूला अडवतो, वासाला न्हाय.”

भाईंदरच्या त्या लहानशा हॉस्पिटलात मी एक्स-रे काढायचो. कोविडच्या साथीत मशीन ढकलत खाटेखाटेशी जायचो. सगळ्यांचे हात तपासायचं काम सिस्टरांकडे होतं. एकदा मोठ्या सर्जनचा तळवा हुंगून त्या म्हणाल्या, “सर, चटणीचा वास येतोय.”

“अहो, आत्ताच धुतले!”

“मग साबण वडापाववाल्याचा दिसतोय.”

वॉचमन म्हणाला, “सिस्टर को तो पुलिस में होना चाहिए था.”

आम्ही हसायचो आणि चुकवायचोही. सॅनिटायझरने माझे हात फाटले होते, चोळलं की आग व्हायची. “चोळलंय हो सिस्टर,” असं खोटंच सांगायचो. त्या दर वेळी पकडायच्या. एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, “भाऊ, हातांपेक्षा तुमची जीभ धुवायला हवी.” ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भरपूर चोळून गेलो. हात नुसते जळत होते. सिस्टरांनी वास घेतला. “कोरडे हायत. परत जा.”

“शपथेवर सांगतो, आत्ताच चोळलंय!”

“हे रोजचंच झालं, भाऊ.”

जेवताना कळलं की त्या सकाळी त्यांनी जवळजवळ प्रत्येकाला परत पाठवलं होतं. सगळे वैतागले होते. माझा घास तोंडातच राहिला. वास जाणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत तुम्हा-आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टरांनी स्वतःच्या नाकावर शंका घ्यावी, इतका आमच्यापैकी एकाचाही शब्द भरवशाचा उरला नव्हता.

उठून सांगायला हवं होतं. पण जीभ धुवायची गोष्ट मनात खुपत होती. कळेल त्यांचं त्यांना, म्हणून मी जेवत राहिलो. संध्याकाळी सिस्टर तारोडीला घरी गेल्या, म्हाताऱ्या आईकडे.

दोघींनाही ताप आला. सिस्टर वाचल्या.

त्या परत कामावर आल्या नाहीत. बऱ्याच महिन्यांनी मी भेटायला गेलो. ओट्यावर बसवून त्यांनी चहा दिला. मग अंगणाकडे बघत म्हणाल्या, “एक विचारू? त्या दिवशी तुम्ही खरंच चोळलं होतं काय?”

खरं सांगायलाच मी आलो होतो. पण त्यांचा चेहरा बघितला.

“नाही, सिस्टर. खोटं बोललो होतो.”

त्यांनी डोळे मिटले. खांदे सैल झाले. “म्हणजे मी घरी आले तेव्हा मला काय झालेलं नव्हतं. आयेला माझ्यामुळे न्हाय झालं.”

मी कप खाली ठेवला.

“तरी पण भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “चोळायला पाहिजे होतं तुम्ही.”