डिमेलोला ठेवायचं की नाही

"डिमेलोला ठेवायचं की काढायचं ते तुम्ही सांगा, मुळे," मॅनेजरसाहेब म्हणाले. "मिलांच्या फुटबॉल शील्डची फायनल झाली की मी ऑर्डर काढणार. इस्माईलसारखा प्लेअर असताना आपल्याला गोल का होत नाहीत?"

मी सोलापूरच्या एका मिलमध्ये वेल्फेअर ऑफिसर होतो. कामगारांची आजारपणं, पाळणाघर, भांडणं आणि करमणूक हे माझं खातं. फुटबॉलची टीम करमणुकीत मोडायची. चेंडूला हात लावायचा नाही, एवढंच मला त्यातलं ठाऊक.

डिमेलो आमचा पगारी कोच, म्हणजे खेळ शिकवणारा. हुबळीकडच्या एका टीममधून खेळलेला, पन्नाशीचा, उजव्या पायानं जरा लंगडणारा. माणसाचे गुणदोष ठरवायचे तर आधी तो काय करतो ते बघावं, म्हणून पहिली पाळी सुटली की मी रोज ग्राउंडवर जाऊन बसू लागलो.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट दिसली. इस्माईल वीव्हिंग खात्यातला. चेंडू पायाला चिकटल्यासारखा तीन-चार जणांना चकवत पुढं जायचा. याला ड्रिब्लिंग म्हणतात. तो असा निघाला की डिमेलोची शिट्टी वाजायची. "पास! पास दे!" चेंडू दुसऱ्याला द्यायचा, नाहीतर बाहेर बसायचं.

मी इस्माईलला विचारलं. तो वैतागलेलाच होता. "मास्टर मेरे पावां बांध दिये, साब. गोल कैसा करूं?"

मग म्हादूला गाठलं. हा वैरागहून आलेला, ब्लोरूममध्ये कापसाच्या गाठी फोडणारा. तो म्हणाला, "आदी मला कुनी बाल देतच न्हवतं, सायेब. नुसतं पळायचो. आता देत्यात. लई बरं वाटतंय की!"

माझं कुतूहल आणखी वाढलं. एकाच शिट्टीनं एक जण खुललेला, दुसरा आखडलेला. इतरांकडे नीट पाहिलं. ज्यांना धड लाथ मारता येत नव्हती ते आता बरे खेळत होते. जो उत्तम होता तो मात्र मंदावला होता.

शेवटी डिमेलोलाच विचारलं. आम्ही ग्राउंडच्या कडेला बसलो होतो.

"इस्माईलला मोकळं का सोडत नाही?"

त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. "मुळेसाब, मी पण इस्माईल होता. सगळे मला बॉल देनार, मी गोल करनार. एक दिवस गुडघा गेला. माझ्या टीमला माझ्याशिवाय खेळताच येत नव्हतं. सीजनभर हरली. लोक मला बघायला हॉस्पिटलमध्ये यायचे, आनि माझ्याकडे बघायचेच नाय."

"पण इस्माईलचा गुडघा शाबूत आहे की."

तो हसला. मग त्यानं इस्माईलला हाक मारली. "समोरच्या गोलजवळ गेला, तर तुझी मर्जी. त्याच्या मागे माझी. कबूल?"

"कबूल, मास्टर!"

फायनलला इस्माईलनं चौघांना चकवून असा गोल केला की मॅनेजरसाहेब खुर्चीवर उभे राहिले. पण मग तो चढून गेला. आपल्याच गोलपाशी ड्रिब्लिंग करायला लागला. डिमेलोचा घसा बसला, पण उपयोग नाही. चेंडू हिसकावला गेला आणि समोरच्यांनी बरोबरी केली. शेवटी शेवटी इस्माईलभोवती तिघे जमले, तेव्हा त्यानं म्हादूला पास दिला. म्हादूसमोर गोल मोकळा होता. त्यानं चेंडू गोलच्या आडव्या बारवरून पलीकडे, थेट बाभळीत धाडला. मॅच पुन्हा खेळवली, त्यात आम्ही हरलो.

मी साहेबांना स्पष्ट सांगितलं. "कच्च्या माणसाला उभं करण्यात याच्यासारखा कोच मिळायचा नाही. अव्वल माणसाला सांभाळणं त्याला अजून जमत नाही, पण तो शिकतोय. मी ठेवीन."

"मला शील्ड हवी होती, मुळे."

डिमेलो गेला. निघताना सगळ्यांचे हात हातात घेतले. म्हादूला तेवढं म्हणाला, "मारताना मान खाली, म्हणजे बॉल वर जानार नाय."

पुढच्या सीजनआधी इस्माईलला मुंबईच्या एका मिलनं उचललं. आमच्याकडे ना कोच, ना स्टार. मला धास्ती होती. पण ते अकरा साधे गडी एकमेकांना पास देत, न ओरडता, न भांडता फायनल जिंकले. विजयी गोल म्हादूचा.

शील्ड टेबलावर ठेवून मॅनेजरसाहेब खुशीत म्हणाले, "बघा मुळे, कोचशिवायही चालतं!"

त्यानंतर माझ्याकडे कुणाचे गुणदोष तपासायचं काम आलं, की मी आधी साहेबांना विचारायचो, तुम्हाला नक्की काय हवंय आणि किती दिवसांत. निम्मं उत्तर तिथंच मिळून जायचं.